वस्तीवर आलेल्या बसचा सत्कार

महाळुंग्याच्या पुढे आमची वस्ती आहे, आणि त्या वस्तीवर शाळेची बस आणणारा माणूस मीच. हे मी अजूनही छाती फुगवून सांगतो. पुढचं ऐकेपर्यंत लोकांना ते पटतंही.

वस्तीतली नऊ मुलं चाकणच्या शाळेत जातात. बस थांबते फाट्यावर, दोन किलोमीटर लांब. मधला रस्ता अरुंद आणि त्यावर कंपन्यांचे ट्रेलर. माझी विजयश्री तिसरीत आहे. मागच्या महिन्यात ट्रेलरला वाट देताना पोरगी दप्तरासकट रस्त्याकडेच्या चारीत पडली, गुडघा फुटला. मी कामावर होतो. त्या दिवशी कशातच लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर बायको, पूनम, एवढंच म्हणाली, "अहो, काहीतरी करा."

मी केलं. शाळेत आठ चकरा मारल्या. शेवटी बसचं काम बघणाऱ्या मॅडम कंटाळल्या. "सोमवारी एक दिवस बस वस्तीवर पाठवते. आठच्या आत शाळेत पोचली तर रोज येईल. नाही पोचली तर विषय संपला."

मी मोटारसायकलवरून दोनदा वेळ लावून पाहिली. सव्वासातला निघालं तर बस आरामात पोचते. साडेसातनंतर मात्र जनरल शिफ्टच्या कंपनी बस सुटतात आणि चौकात मुंगीलाही जागा उरत नाही. म्हणजे हिशोब अगदी चोख होता. फक्त वाटेत माजी सरपंच अण्णासाहेब भेटले.

"बस येती म्हंजी काय साधी गोष्ट हाय व्हय? डायवरचा सत्कार नको? मी येतो नारळ फोडाया."

मला ते रास्त वाटलं. आमच्याकडे बोअरची मोटार बदलली तरी नारळ फुटतो, ही तर अख्खी बस होती. मी फ्लेक्स करून घेतला. 'वस्तीवर शाळेची बस आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली माझा गॉगल लावलेला फोटो, कोपऱ्यात 'शुभहस्ते: माजी सरपंच अण्णासाहेब'. फ्लेक्सवाल्याने माझ्या नावाआधी 'वेळेचे पक्के' असं स्वतःच्या मनाने घातलं. मी काढायला सांगितलं नाही.

सोमवारी सातला पाच कमी असताना बस दारात. पूनमने बसला कुंकू लावलं, मुलांना लावलं, मुलं बसली. ड्रायव्हर ज्योतीराम लातूरकडचा, सरळ माणूस. त्याने गाडी चालू केली. मी हात आडवा केला.

"अण्णासाहेब येतायत."

"भाऊ, उशीर व्हायलाय."

"दोनच मिनिटं."

मी फोन लावला. "निघालोच," अण्णासाहेब म्हणाले. फोनमध्ये मागे बादलीत पाणी पडत होतं.

"अहो, सव्वासात झाले. तुम्हीच फोडा ना नारळ," पूनम म्हणाली.

"असं कसं? फ्लेक्सवर नाव त्यांचं आहे."

साडेसातला अण्णासाहेब आले. नारळ फुटला. शाल झाली, फेटा झाला. मग भाषण झालं, त्यात वस्तीचा इतिहास आला. मुलं खिडकीतून माना काढून बघत होती. विजयश्री तेवढी बघत नव्हती, ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होती. मी तिला हात हलवून टाटा केला.

शेवटी अण्णासाहेबांनी माईक ज्योतीरामपुढे धरला. "दोन शब्द बोला."

इतका वेळ चुळबुळ करणारा ज्योतीराम एकदम गहिवरला. "बारा वर्षं झाली गाडी चालवायलोय. शिव्या लई खाल्ल्या, पर शाल कुणी घातली नव्हती." मग त्याचे गुरुजी आले, आई आली, पहिला ट्रॅक्टर आला. त्याला अडवणार कोण? खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले होते.

बस निघाली आठला दहा कमी असताना. मी मागे मोटारसायकलवर. चौकात ती दोन ट्रेलरांच्या मध्ये जी अडकली, ती शाळेत पोचली पावणेनऊला. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. फेटा बांधलेला ड्रायव्हर उतरला, मागोमाग कुंकू लावलेली नऊ मुलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सत्कार," ज्योतीराम म्हणाला.

विषय संपला.

आता बस पुन्हा फाट्यावरच थांबते. माझी पहिली शिफ्ट नसेल तेव्हा विजयश्रीला मी सोडतो. असेल तेव्हा पूनम तिचा हात धरून चारीच्या कडेने चालत नेते. माझ्याशी ती फार बोलत नाही. फाट्यावर मुलांना सावली नव्हती, म्हणून तिने तो फ्लेक्स तिथे चार बांबूंवर ताणून बांधला, फोटोची बाजू खाली करून.

विजयश्रीचं वाचन आता चांगलंच सुधारलंय. बसची वाट बघत मान वर करून ती रोज मोठ्याने वाचते, "वेळेचे पक्के."