अकराला सात कमी, अकरा वाजून सात

मंडळी, या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच लिहून द्यायची तयारी आहे. पण कुटुंब हे शेवटी वेळेवर चालतं, आणि वेळ कुणीतरी सांगावी लागते.

आपले घड्याळजी ती चाळीस वर्षं सांगत आले. त्यांची शिंकसुद्धा इतकी वक्तशीर, की शेजारी तिच्यावर घड्याळं लावत. (सर्दीच्या दिवसांत थोडा गोंधळ उडे.) मग तीन वर्षांपूर्वी घरात दोन टीव्ही झाले. बाहेरच्या खोलीत यांचा, स्वयंपाकघरात बायकोचा. नऊच्या बातम्या सगळ्यांच्या आधी देता याव्यात, या उदात्त हेतूनं यांच्या चॅनेलनं पडद्यावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. सत्य कधी घाई करत नाही, असं म्हणत बायकोच्या चॅनेलनं आपलं सात मिनिटं मागे घेतलं.

पहिल्या आठवड्यात घड्याळजी पोट धरून हसले. दुसऱ्यात त्यांच्या चॅनेलवर चार तज्ज्ञ एकदम ओरडले. तिसऱ्यात त्यांनी दुकानातली एकशे बारा घड्याळं सात मिनिटं पुढे केली, आणि आपण चाळीस वर्षं उशिरा जगलो म्हणून हळहळले. बायकोनं स्वयंपाकघरातलं तेवढंच मागे सारलं. तेव्हापासून एकाच पातेल्यातलं जेवण यांच्या मते गार झालेलं असे, तिच्या मते अजून शिजायचं असे. घरातली ब्याण्णव टक्के भांडणं या चौदा मिनिटांत झाली. उरलेली आठ टक्के, हा आकडा कुणी काढला यावरून.

त्यांची एकुलती एक मुलगी दवाखान्यात एक्स-रे काढायची, म्हणजे माणसांच्या आत काय आहे ते बघायची तिला सवय. तिचं लग्न कचेरीत नोंदवायचं होतं. साक्षीदार म्हणून आईबाबाच सही करतील, हा तिचा हट्ट. वेळ मिळाली अकराची. घड्याळजी सात मिनिटं आधी पोचले, कचेरी उशिरा चालते म्हणून निषेध नोंदवून निघून गेले. आई सात मिनिटं नंतर आली आणि खिडकी वेळेआधी बंद केली म्हणून भडकली. मुलगी बरोब्बर अकराला, नवरदेवासह एकटी.

“पुन्हा चुकलात तर अर्ज रद्द,” निबंधक बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मुलीनं डोकं चालवलं. बाबांना सांगितलं, अकरा वाजून सात. आईला सांगितलं, अकराला सात कमी. दोघंही ठोक्याला, खांद्याला खांदा लावून हजर! सह्या झाल्या. पण सहीशेजारी ‘वेळ’ असा रकाना होता. तिथं बाबांनी लिहिलं अकरा वाजून सात, आईनं अकराला सात कमी.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. कागदावर तुमची गाठच पडलेली नाही.”

“पडणार कशी?” घड्याळजी म्हणाले. “ही मघाशीच येऊन गेली.”

“आणि हे,” बायको म्हणाली, “अजून यायचेत!”

“आई, तुझी पर्स बाबांनी धरलीय गं!” मुलगी रडकुंडीला आली.

दोघांनी पर्सकडे पाहिलं. पुरावा अपुरा वाटला.

बाईंनी रद्दचा शिक्का उचलला. तेवढ्यात मुलीची नजर भिंतीवर गेली. तिथलं घड्याळ सहा वर्षांपूर्वी नऊ वाजून वीस मिनिटांनी बंद पडलं होतं. घड्याळजींनीही ते पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

“बाबा, हात लावलात तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी!”

“अगं, पण बंद आहे ते.”

“म्हणूनच!”

घड्याळजींनी आणि बायकोनं आठवून आठवून पाहिलं. या घड्याळाविषयी कुठलंच चॅनेल काही बोललं नव्हतं. म्हणजे हरकत नव्हती. दोघांनी आपापला आकडा खोडून नऊ-वीस लिहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले. नोंदणीचा शिक्का पडला. (कचेरी दहाला उघडते. तेव्हा हे लग्न दार उघडण्याआधी चाळीस मिनिटं लागलं, पण ते असो.)

इथवर गोष्ट आली, तोच समोरचे एक गृहस्थ ताडकन उठले. अगदी तुमच्यासारखे, समंजस, दोन्ही बाजू ऐकून घेणारे.

“थापा मारता राव! एकशे बारा घड्याळं पटली, बंद घड्याळावर लागलेलं लग्नही पटलं. पण घड्याळजींच्या बायकोचं चॅनेल सात मिनिटं मागे? साफ खोटं! अगदी बरोबर असतं ते. मी रोज बघतो!”