तुपातलं कुंकू आणि खोर फक्कानचा उतार

खोर फक्कानच्या डोंगरात त्या दिवशी नव्या माउंटन बाइक्स फुकट चालवून बघायला मिळणार होत्या, आणि वासुदेव तिथे फक्त गाडी हाकायला आला होता. निदान त्याच्या लेकीने, मिहिकाने, मित्रांना तसंच सांगितलं, "बाबा? ही इज जस्ट द ड्रायव्हर टुडे."

घरून, म्हणजे अल नहदाहून, भल्या पहाटे सगळ्यांना घेऊन निघालेल्या बापाला हे चांगलंच झोंबलं. तो तडक एमानकडे, म्हणजे तिथल्या गाइडकडे गेला. "एक मेरे लिए भी." (शेवटची सायकल त्याने बारावीत चालवली होती, तीही डबलसीट, मागे बसून.)

एमानने त्याला हेल्मेट चढवलं, पॅड बांधले. "अंकल, ब्रेक हलके से. और नज़र वहीं रखना जहाँ जाना है."

ती इतरांकडे वळली आणि वासुदेवची बायको पूजेचा डबा घेऊन आली.

"नवीन वाहन आणि पूजा नाही?" सुलक्षणा म्हणाली.

"अगं, आपलं नाहीये ते. टेस्ट राइडचं आहे."

"वर बसणारा आपलाच आहे ना?"

वासुदेवने सायकल तिच्यापुढे उभी केली (लग्नापासून तो हेच करत आला होता). सुलक्षणाने नारळ फोडला. वाऱ्याने उडू नये म्हणून कुंकू तुपात कालवलं. दोन्ही चाकांच्या मधोमध स्टीलच्या चकचकीत चकत्या होत्या. त्या तिला फार आवडल्या. तिने त्यांना दोन्ही बाजूंनी सढळ हाताने कुंकू लावलं. या सायकलींचे ब्रेक नेमके त्याच चकत्या चिमटीत धरतात, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

"यल्ला, चलो," एमान म्हणाली.

वासुदेवने पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला. काही झालं नाही. दुसरा दाबला. सायकल उलट खूश झाल्यासारखी पळायला लागली. नजर कुठे ठेवायची, तेवढं त्याला आठवलं. खाली कोरड्या ओढ्यात, आधीच उतरलेली मिहिका पिवळ्या टी-शर्टमध्ये उभी होती. तो डोळे फाडून लेकीकडे बघत राहिला आणि सायकल मुकाट्याने तिकडे निघाली. वाटेत त्याने तिच्या मित्राला, रोज जिमला जाणाऱ्या रोनितला, मागे टाकलं. (साइड मागायला घंटी नव्हती म्हणून तो किंचाळला. खालच्यांना ती आरोळी वाटली.) शेवटी ओढ्याच्या मऊ वाळूत चाकं रुतली. वासुदेव सीटवर तसाच. हँडलवरची बोटं सुटत नव्हती.

"अंकल डिडन्ट ब्रेक," मागून आलेला रोनित धापा टाकत म्हणाला. "नॉट वन्स."

"दॅट्स माय बाबा," मिहिका म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. वासुदेवचा ऊर भरून आला. उभ्या जन्मात त्याचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

तेवढ्यात एमान सुलक्षणाला गाडीत घालून खाली पोचली. तिने चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला. "अंकल, ये घी है?"

"मी लावलं," सुलक्षणा मान ताठ करून म्हणाली. "आला की नाही सुखरूप?"

एमानने ब्रेकचं सगळं समजावलं, तशी मिहिका पांढरीफटक पडली. तिने बाबाला घट्ट मिठी मारली. रोनित मात्र आपली सायकल घेऊन सुलक्षणासमोर उभा राहिला. "आंटी, मेरी भी. ब्रेक छोड़के." बघता बघता त्याच्यामागे रांग लागली. एमानने फक्त हँडलला परवानगी दिली. मिहिका डबा धरून प्रत्येकाला ऐटीत सांगत होती, "माय मॉम."

"अँड अंकल?" रांगेतल्या कोणीतरी विचारलं.

वासुदेवने पोट आत घेतलं.

"बाबा?" मिहिका तितक्याच अभिमानाने म्हणाली. "मॉम ट्राइज एव्हरीथिंग ऑन हिम फर्स्ट."