पालवांची ठळक रेघ

सहावा तास चुकला, यात गुरुदास पालवांचा दोष नव्हता. वंशावळ संशोधनाच्या ऑनलाइन वर्गाचा तो तास चालू असताना ते काजूच्या कलमांत उभे होते आणि रेंज गेली. रेंज आली तेव्हा पुण्याचे सर "हे मात्र कधीच विसरू नका" असं बजावून निरोप घेत होते. काय विसरायचं नाही, ते कळलंच नाही. विचारायचं? छे! निवृत्त हेडमास्तर शंका विचारत नसतो.

वर्ग लावण्याचं कारण एकच. रवळनाथाच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान शेजारच्या भाई पालवांचा. आडनाव एक, कुंपण एक, देव एक, आणि नारळ तेवढा भाईंचा! कोकणातला माणूस एक वेळ हापूसचं कलम देईल, पण मान? मेला तरी नाही.

अखेर देवळाच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली : 'शके १८८१. पहिला नारळ, सखाराम पालव.' सखाराम म्हणजे गुरुदासांचे आजोबा.

"सावित्री, गावला! आजयान नारळ फोडलेलो! म्हणजे आमी आणि भाई एकाच रक्ताचे!"

त्यांची बायको अंगणात भात वाळत घालत होती. "एकाच वर्साक फोडल्यानी? आणि मगे कित्याक नाय?"

"तुका संशोधनातला काय कळता?"

वाडीतलं तिसरं घर निलेशचं. तो फ्लेक्स छापायचा. बारा फुटी वंशावळ त्याच्याकडेच गेली.

"काका, तुमच्या आणि भाईंच्या मधी ही रेघ तुटक ठेवू?"

"सरळ मार. ठळक! तुझ्या पणज्याचा नाव काय रे?"

"माका आजयाचाच धड ठावक नाय."

गुरुदासांना त्याची कीव आली. मुळं नसलेला माणूस!

कणकवलीच्या वंशावळ संमेलनात फ्लेक्स टांगला. भाई पहिल्या रांगेत बाह्या सरसावून बसले होते, ते भांडायलाच. पण मध्येच त्यांचा मोबाईल वाजला. ते बाहेर गेले आणि परतले ते गाईसारखे गरीब होऊन. थेट व्यासपीठावर चढून म्हणाले, "गुरुदास आमचोच. एकच भावकी. ह्या वर्साक नारळ तोच फोडतलो." आणि फ्लेक्सवर खाली मोठी सही केली. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. गुरुदास घळाघळा रडले.

जत्रेला पाच दिवस होते. तिसऱ्या दिवशी सकाळी भाई कुंपणावरून ओरडले, "गुरुदास, मुंबयचो आपलो काको गेलो रे!"

"आपलो?"

"मगे? भावकी ना आपली? दहा दिवस सुतक. देवळाची पायरी चढूची नाय."

गुरुदासांनी चहा तसाच ठेवला. ते धावत निलेशकडे गेले. "अरे, ती रेघ तशी तुटकच होती, नाय?"

"तुमीच सांगलात ना, ठळक मार म्हणान?"

गावकरी बैठकीला बसले. भाईंना सुतक, प्रमाणपत्रासकट गुरुदासांनाही सुतक. मग पहिला नारळ तिसऱ्या घराचा. निलेशचा!

जत्रेच्या दिवशी दोघे पालव देवळाच्या आवाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभे होते. आजोबाचं नाव न आठवणाऱ्या निलेशने एका फटक्यात नारळ फोडला. ढोल वाजले.

"गुरुदास," भाई हळूच म्हणाले, "तुझ्या आजयान नारळ कित्याक फोडल्यान, ठावक आसा? त्या वर्साक आमका सुतक होता. सुतकात नारळ शेजारच्या परक्या घराक जाता."

"परक्या? म्हणजे ही वंशावळ नसती तर..."

"तर आज थंय तू आसतंस."

"आणि तरी सही केलंस, मेल्या?"

"मुंबयसून फोन इलेलो. डॉक्टरान सांगलेला, काको चार दिवसांचो सोबती. म्हटला, नारळ माका नाय तर तुकाय नाय! पुढच्या वर्साक वहीचा पुढचा पान काढतलंय. सुतकाची नोंद आसा त्याच्यात, म्हणजे तू परको आणि नारळ परत आमचो."

संध्याकाळी गुरुदासांनी अभिमान गिळून सरांना फोन लावला. निदान यापुढे तरी फसायचं नव्हतं. "सर, सहाव्या तासाला काय विसरू नका म्हणाला होतात?"

"नोंद सापडली की नाचू नका. ती त्या एकाच वर्षी का झाली, ते आधी विचारा."

फोन स्पीकरवर होता. सावित्री भात पाखडता पाखडता म्हणाली, "ता मी तेवाच इचारलेलंय. त्या सरांका सांगा, पुढच्या वर्साक वर्ग मी घेतंय."