समदं धरून किती?

आमच्या शेजारच्या बाबगोंडाअण्णांनी आयुष्यात कुठल्याच वस्तूचा नुसता भाव कधी विचारला नाही. ते विचारायचे, "समदं धरून किती?" चपला घेतल्या तर पॉलिश, पुढची शिलाई आणि चावल्याच तर लावायचं मलम, हे सगळं त्यात धरायचे. अण्णा गुळाचे अडते. भावावर अडत, हमाली, तोलाई चढते तेव्हा खरी रक्कम निघते, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

मोबाइल नुकते खिशात आले होते तेव्हाची गोष्ट. अण्णांच्या मुलानं दहा वर्षांच्या सोनलला लांब डोंगरावरच्या इंटरनॅशनल शाळेत, तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, "घाला की. पर समदं धरून किती, ते मी बघतो." मी पेन्शनर मास्तर, इंग्रजी वाचणारा, म्हणून मलाही गाडीत कोंबलं.

शाळेच्या हिशेबनिसानं चकचकीत माहितीपत्रक पुढं केलं. अण्णांनी ते बाजूला सारलं, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं धरली. गुळाच्या जुन्या बाजारात भाव असाच ठरायचा, फडक्याखाली, बोटं दाबून. टायवाला गृहस्थ दचकला. "सर, फी फिक्स आहे!"

"फी कळली. तिच्यावरची हमाली किती, ते बोटानं सांगा."

मी मान खाली घालून बसलो. पण त्या टॉवेलाखालून घोडेस्वारी, परदेशी सहल, परीक्षेची वेगळी फी, असं पत्रकात नसलेलं एकेक बाहेर आलं. हात सुटावा म्हणून त्यानं सगळं सांगून टाकलं.

मग रोज संध्याकाळी अण्णा वही घेऊन माझ्याकडे यायला लागले. दरवर्षीची फीवाढ धरली. हरवणारे मोजे, वर्षाला बारा जोड. मैत्रिणींचे वाढदिवस. "घोड्यावरनं पडली तर हाड जोडायला." बेरीज मुलाला दाखवायची, मुलगा म्हणायचा, "अण्णा, झेपतंय की," आणि अण्णांचा चेहरा पडायचा. म्हातारा पैशाला चिकट आहे, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

उद्या पैसे भरायचे, त्या संध्याकाळी ते आले. पाठोपाठ सोनल त्यांचा चष्मा घेऊन आली. तो रोज तीच शोधून द्यायची. चष्मा त्यांच्या नाकावर चढवून ती पळाली.

"मास्तर, अजून काय धरायचं ऱ्हायलंय का बघा की. एखादं मोठं."

बोलताना ते सोनल पळाली त्या दाराकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. आकडा न झेपण्याएवढा व्हावा, पोर घरी राहावी, म्हणून हा माणूस महिनाभर मोजे धरत होता! मला माझीच लाज वाटली.

"एक राहिलंय अण्णा," मी म्हटलं. "आजोबांनी महिन्यातनं एकदा भेटायला जायचा गाडीखर्च."

अण्णांनी टॉवेलानं डोळे पुसले आणि लिहून घेतलं. मग 'महिना' खोडून 'आठवडा' केलं, आणि बेरीज न करताच वही मिटली.