म्युनिक व्हाया वुडलँड्स

"जॉगिंगला जाऊन येतो," शनिवारी सकाळी शैलेंद्रने जाहीर केलं, तेव्हा कणीक मळता मळता अरुणाने फक्त त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांत ऑफिसचे बूट होते. पंधरा वर्षांच्या संसारात कधी बोलायचं नाही हे तिला पक्कं कळलं होतं.

जर्मनीची ट्रिप दहा दिवसांवर आली होती. आधी दोन दिवस म्युनिक, मग भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर डोंगरांतून भटकंती. म्युनिकचा मुक्काम अरुणाने हट्टाने घालायला लावला होता. गाडी मात्र सर्वस्वी शैलेंद्रची कल्पना; त्यासाठी त्याने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही काढून ठेवलं होतं. 'ऑटोबानवर दीडशेच्या खाली चालवायचंच नाही,' असं तो सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात महिनाभर सांगत सुटला होता.

अडचण एवढीच होती, की अकरा वर्षांत त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सिंगापूरला आल्यावर पुण्याच्या लायसनवरून इथलं लायसन करून घेतलं, ते जपून पाकिटात ठेवलं आणि तो एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरू लागला. अकरा वर्षांत एकही अपघात नाही, असं तो अभिमानाने सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. उलट अरुणा लग्नाआधी वडिलांच्या केटरिंगचा टेम्पो पुणेभर फिरवायची. "आमची ही मूळची टेम्पो ड्रायव्हर," हा त्याचा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला विनोद होता. पाहुणे हसत. अरुणाही हसे, थोडी कमी.

आता म्युनिकमध्ये किल्ली हातात पडली, की बायको-मुलीसमोर आपलं नाक कापलं जाणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. म्हणून त्याने इमारतीच्या कार पार्कमधली तासाच्या भाड्याची गाडी गुपचूप बुक केली. घराच्या आसपास, पुंगोलातल्या पुंगोलात दोन चकरा मारायच्या आणि घाम पुसत घरी यायचं, असा बेत होता.

पहिली चक्कर बरी झाली. दुसरीत मागून बस आली. तिला वाट द्यावी म्हणून तो बाजूला सरकला, आणि ती बाजू एक्स्प्रेसवेची निघाली. कसाबसा तो मधल्या लेनमध्ये शिरला आणि तिथेच राहिला. बाहेर पडायचे रस्ते डावीकडे होते आणि डावीकडे सतत कोणी ना कोणी होतं. शैलेंद्र सभ्य माणूस, मध्ये घुसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. एकामागून एक फाटे मागे गेले.

मग अचानक सगळ्या गाड्या गोगलगायीसारख्या चालू लागल्या. त्याला हायसं वाटलं. ही माणसं आपल्यासारखीच समजूतदार आहेत, असं मनात येतंय तोवर गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. बारा वर्षांची राधिका होती.

"पप्पा, व्हाय यू इन वुडलँड्स? यू गोइंग मलेशिया आह?"

परदेशात कुणी हरवू नये म्हणून एकमेकांचं ठिकाण दाखवणारं ॲप त्यानेच सगळ्यांच्या मोबाइलवर टाकलं होतं. त्याने मान वर करून पाटी वाचली. शनिवारी पुलापलीकडे मलेशियात खरेदीला निघालेल्या अर्ध्या सिंगापूरच्या रांगेत तो उभा होता.

फोन अरुणाने घेतला. "वुडलँड्सपर्यंत पळालास?"

"हो. म्हणजे, आज जरा बरं वाटत होतं."

"आणि पळताना ही टिकटिक कसली येतेय?"

टिकटिक पुंगोलपासून चालू होती.

"डावा इंडिकेटर की उजवा?"

"डावा."

"बंद कर. लोकांना वाटेल तुला डावीकडे जायचंय."

"मला डावीकडेच जायचंय गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

पाऊण तासाने तो सरहद्दीच्या नाक्यावर पोचला. अधिकारी पोरसवदा होता. "पासपोर्ट?"

"नो पासपोर्ट. आय ॲम ओन्ली प्रॅक्टिसिंग."

"प्रॅक्टिसिंग फॉर व्हॉट?"

"जर्मनी."

अधिकाऱ्याने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "अंकल, जर्मनी नॉट धिस वे." मग त्याची नावनिशी लिहून घेऊन परतीची लेन दाखवली. शैलेंद्र बेचाळीस वर्षांचा होता. त्याला सगळ्यात जास्त तो 'अंकल' लागला.

अरुणाने फोन ठेवलाच नव्हता. "आरशात बघ. मागे काय आहे?"

"लाल ट्रक."

"जाऊ दे त्याला. गेला? आता घे. घाबरू नकोस, घे." असं करत करत तिने त्याला पुंगोलपर्यंत आणलं. मग ती पिठाच्या हातांनीच, खांद्याला पर्स अडकवून खाली आली आणि "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बस" अशा खणखणीत आवाजात तिने गाडी जागेवर लावून घेतली.

शैलेंद्र खाली उतरला. त्याचा शर्ट चिंब भिजला होता. तेवढं जॉगिंग खरं झालं होतं.

"अरुणा, मला गाडी येत नाही."

"माहितीये," असं म्हणत तिने पर्समधून आपलं इंटरनॅशनल परमिट काढलं. त्यावरची तारीख त्याच्या परमिटच्या आधीच्या महिन्यातली होती. "म्युनिकला दोन दिवस त्यासाठीच ठेवले. म्हटलं, तेवढ्या वेळात सांगशील."

शैलेंद्रला इतकं हलकं वाटलं, की लाजायचं राहूनच गेलं. तरी शेवटचं म्हणून त्याने विचारलं, "तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. जमेल तुला?"

"आत्ता वुडलँड्सहून गाडी स्वयंपाकघरात उभी राहून आणली," अरुणा म्हणाली. "तिकडे निदान गाडीत बसायला तरी मिळेल."