मारोतरावांचा गडवा

आमचे मारोतरावसाहेब कोणाकडेही गेले की आधी पाणी मागत आणि ते न पिता अंगणात ओतत. मग कमरेवर हात ठेवून ते कुठं वाहतं ते पाहत. "उतार चुकला," एवढं सांगून आत येत आणि पिण्यासाठी दुसरं पाणी मागत. आदिलाबादेत नवं घर बांधणारे लोक त्यांना वास्तुशांतीची पत्रिका समारंभाच्या दुसऱ्या दिवशी पोचेल अशा बेतानं पाठवत.

साहेब बांधकाम कचेरीत इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. जीपमध्ये त्यांचा स्वतःचा पितळी गडवा, म्हणजे तांब्या, कायम पाण्यानं भरलेला असे. दरसाल राखीला ते रजा टाकत आणि दुपारीच मोकळ्या मनगटानं कचेरीत परत येत. साहेबांना रजा पचत नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

बाजारहत्नूरकडच्या एका नाल्यावर मोठा पूल मंजूर झाला. पावसाळ्यात पलीकडचं गाव तुटायचं. आधीचा पूल पहिल्याच पुरात वाहून गेला होता. या वेळी तीन ठेकेदारांनी टेंडर भरलं. तिघांचे दाखले इतके उत्तम होते, की जगात पूल पडतात तरी कसे, हेच मला कळेना.

"कागद कोरडाच असते बाबा," साहेब म्हणाले. "गाडी काढ."

ठेकेदाराची जुनी कामं पाहून गुण द्यावेत असा नियम होता. तो कोणी पाळल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

पहिल्यानं बांधलेल्या सभागृहात साहेबांनी गडवा ओतला. पाणी भिंतीपाशी गेलं आणि नाहीसं झालं. साहेबांनी पाच मिनिटं वाट पाहिली, ते परत आलं नाही. दुसऱ्याच्या पुलावर पाणी जागचं हललं नाही, तेव्हा ठेकेदारानं ते आपल्या रुमालानं पुसून घेतलं.

तिसरा वांकिडीचा. साहेब त्याच्या पुलावर गडवा कलता करणार, तोच तो म्हणाला, "सार, तिकडं नोका ओतू. तिथं पानी थांबते. माही चूक झाली."

"काऊन झाली?"

"घाई केली सार. आता दरसाल पावसाच्या आंधी मीच येऊन गाळ काढून राह्यलो."

साहेबांनी गडवा तोंडाला लावला आणि ते पाणी पिऊन टाकलं. जुन्या कामांच्या रकान्यात सर्वांत जास्त गुण त्यालाच पडले आणि काम त्याला मिळालं.

"सार, हा पूल टिकन याची खात्री हाय का?" मी परतताना विचारलं.

"खात्री राह्यली असती त गडवा घेऊन काऊन फिरलो असतो?" साहेब म्हणाले. काम चालू होतं तोवर ते दर रविवारी नाल्यावर जाऊन उभे राहत.

पूल झाला, साहेब निवृत्त झाले. त्या साली राखीच्या सकाळी ते गडवा घेऊन माझ्या दारात आले. "चाल, तुही गाडी काढ."

नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. पुलावर मी मोटारसायकल हळू केली, पण साहेबांनी थांबायला सांगितलं नाही. पलीकडच्या गावात एका दारात म्हातारी बाई उभी होती.

"माही बहीण," साहेब म्हणाले. "दर राखीला ती या काठावर, मी त्या काठावर. आवाज पोचे नाही, मंग हात वर करू आन् घरी जाऊ."

रजेवरून केलेल्या सगळ्या थट्टा मला आठवल्या आणि फार लाज वाटली.

बहिणीनं त्यांच्या हातातला गडवा घेतला आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. अंगणाचा उतार साफ चुकलेला होता. पाणी वळून सरळ तिच्या घरात शिरलं. मारोतराव बहिणीकडे पाहत होते.