म्हैस रस्त्यातून काढिल्याची हकिगत

॥ श्री ॥ शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक वद्य पक्षी, जुळे सोलापुरातील एका माडीवर जी थोर मोहीम जाहली, तिची हकिगत लोक पदरचे तिखटमीठ लावून सांगतात, आणि ज्यांनी खुर्चीवरून बूड हलविले नाही तेही आपणांस लढवय्ये म्हणवितात; सबब जैसे घडले तैसे, मोजून मापून, कोणाची भीड न धरिता येथे लिहिले असे.

माडीच्या धनी श्रीमंत अखंडितलक्ष्मीअलंकृत तेजश्रीबाई, उमर सत्तावीस, यांनी संगणकात खेळाकरिता एक नगर वसविले होते. खेळ ऐसा की, खेळणाराने रिक्षात चादरींचे गठ्ठे भरावे आणि कोणास न धडकता घरोघर पोचते करावे. नगरातील घरे, दुकाने, खांब, एसटी थांबा, रस्ते, झाडून सारी वस्तुजात घडविण्याची कामगिरी देवदत्तपंतांकडे. पंत कारागीर अव्वल, एकेक कौल निरखून रंगविणार. परंतु आवराआवरीचे काम सांगितले की "झालं की" म्हणावे आणि दुसरेच काही करीत बसावे, ही त्यांची जुनी वहिवाट.

त्या रोजी चार वाजता पुण्याहून इंद्रायणीबाई, खेळ बाजारी आणणाऱ्या कंपनीच्या सरदार, नगराची पाहणी करण्यास येणार होत्या. पसंत पडले तर माडी शाबूत. नापसंत जाहले तर तेजश्रीबाईंनी माडीस कुलूप लावावे आणि येत्या सोमवारी पुण्यास परक्याच्या चाकरीत रुजू व्हावे, ऐसा तह त्यांचा मातुश्री विठाबाईंशी जाहला होता, आणि विठाबाई तह मोडू देणाऱ्यांपैकी नव्हत्या.

ऐशा समयी दुपारी दोन वाजता गनीम उभा राहिला. गनीम म्हणजे म्हैस. मुख्य रस्त्यात ती पूर्वीपासून होती आणि रिक्षा तिला वळसा घालून जात असे; परंतु पंतांनी दुतर्फा नवी दुकाने मांडिली, मग वळशास जागा उरेना आणि रिक्षा म्हशीपाशी अडकून पडे.

या म्हशीची पूर्वपीठिका सांगणे अगत्याचे. गेल्या सालच्या खंडेनवमीस पंतांनी नगरातील पहिली वस्तू म्हणून ती घडविली, तिच्यासुद्धा संगणकाची पूजा केली, पडद्याच्या कडेस हळदकुंकू लाविले आणि झेंडू वाहिला. आणि पहिली वस्तू लाभाची म्हणोन पुढे जे जे घडविले ते ते तिच्याच खाली बांधिले. या विद्येत एक वस्तू दुसरीखाली बांधिता येते, मग धनीण जाईल तिकडे बांधलेली जाते. ऐसे करिता करिता तळे आणि जमीन खेरीजकरून चारशे बारा वस्तू, म्हणजे अवघे नगर रस्त्यांसुद्धा, एका म्हशीच्या दावणीस लागले. श्रावणात तेजश्रीबाईंचा हुकूम जाहला की सारे सोडवून निराळे ठेवावे. पंत म्हणाले, "झालं की." काहीही जाहले नव्हते.

आता माडीवर नवा कामगार होता. तो एआय एजंट. साध्या मराठीत हुकूम लिहावा आणि त्याने खेळातील वस्तू हलवाव्या, रंगवाव्या, लहानमोठ्या कराव्या. धन्याच्या नावे काम पाहणारा म्हणोन त्यास मुतालिक म्हणत. चहा मागत नसे, पाठीमागे निंदा करीत नसे, सबब माडीत सर्वांत सज्जन तोच. त्यास बाईंनी फर्मान दिधले की, म्हैस दक्षिणेस तळ्याकडे दहा कदम न्यावी, तरीही रस्त्यात दिसली तर आणखी दहा न्यावी, आणि ती रस्त्याबाहेर होईतो थांबू नये. मुतालिकाने अदबीने लिहून पुसिले की, म्हशीखाली चारशे बारा वस्तू बांधल्या आहेत, त्याही सोबत जातील, चालेल ना? बाईंनी न वाचिता "होय" दाबिले. मोठमोठी राज्ये याच बटणापायी बुडाली, तेथे हे तो नगर.

मग मोहीम सुरू जाहली. मुतालिकाने म्हैस दहा कदम हलविली आणि मागे वळून पाहिले, तो म्हैस रस्त्यातच; कारण रस्ताही तिच्यासवे दहा कदम चालला होता. मग आणखी दहा, तरी रस्त्यातच. पडद्यावर म्हैस मध्यभागी धरिली असल्याने नगर चालते आहे हे बाईंस उमजेना.

"देवा, ही हलंना की रे!"

पंत पंख्याकडे पाहून म्हणाले, "जड आहे जरा."

ऐसे सतरा वेळा जाहले. इतक्यात खालच्या घरमालकीण ईरम्मा, मूळच्या दुधनीकडच्या, नळास पाणी आल्याची वर्दी द्यावयास जिना चढून आल्या, आणि पडद्यावर नजर जाताच थबकल्या. "अय्यो, पाणी आलंय सांगाया आले, तर तुमचं गाव आदीच बुडाया लागलंय की! सगळं गाव म्हशीला बांधलंय का काय?"

पाहतात तो दक्षिणेकडील दुकाने गळ्याइतक्या पाण्यात, आणि म्हैसही तळ्यात पोचलेली. तेजश्रीबाईंनी मान वळवून पंतांकडे पाहिले. पंतांचा वर्ण चुन्यासारखा जाहला.

"तेजू, श्रावणात सोडलं नव्हतं मी. सगळं तिलाच बांधलंय."

"मग झालं की म्हणलास ते?"

"तोंडातनं निघून जातं."

"तुझ्या तोंडापायी मी पुण्याला चालले की रे! बस तिथं, आन् सोडव एकेक!"

तीन वाजून दहा मिनिटे जाहली होती. ईरम्मा नळाची घागर विसरून तेथेच बसल्या आणि पंत सोडवीत तैशी एकेक वस्तू मोजू लागल्या. मसलत ठरली ती ऐसी की, म्हैस हलवूच नये. ती मोकळी करून तेथेच ठेवावी, आणि तिच्याखालचे नगरच एकशे सत्तर कदम माघारी आणावे. पंतांनी गाठी सोडवून नव्याने गठडी बांधिली आणि मुतालिकाने ती उचलून स्वस्थानी ठेविली. नगर सुखरूप परतले, रस्ता मोकळा जाहला, आणि म्हैस तळ्यात डुंबत राहिली, जी मुळात तिची जागा. मुतालिकाने लिहिले की, चारशे अकरा परत आल्या, एक एसटी थांबा गठडीत नव्हता, त्याचे काय करावे? तोच दारावर थाप पडली, आणि हेही कोणी वाचिले नाही.

इंद्रायणीबाईंनी चष्मा लाविला, रिक्षा हाकिली, गठ्ठे पोचते केले, आणि शेवटी सहज तळ्याकडे वळल्या. तेथे गुडघाभर पाण्यात एसटी थांबा उभा, आणि शेजारी म्हैस. त्यांनी रिक्षा तेथेच थांबविली. तेजश्रीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या आईचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "पाणी उतरलं की ती काठावर जाऊन आमचं अंगण कुठं होतं ते बोटानं दाखवायची. हे मुद्दाम केलंत का तुम्ही?"

होय म्हटले असते तर काम तेथेच फत्ते होते, आणि पंतांच्या जिभेस ऐसे होय म्हणण्याचा सराव दांडगा. परंतु पंत म्हणाले, "नाही ताई. माझ्या हातनं राहिलंय. आत्ता काढतो."

"काढू नका," त्या म्हणाल्या.

मग हुकूम जाहला की, थांबा आहे तेथेच ठेवावा, खेळ कंपनीने घ्यावा, आणि पुढील काम सोलापुरातच, याच माडीवर, याच माणसांनी करावे. तेजश्रीबाईंनी विठाबाईंस फोन लाविला, आणि "आई, न्हाय जात मी" इतके बोलून पुढे रडू आल्याने फोन ईरम्मांच्या हाती दिधला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. वस्तू चारशे बारा. पैकी स्वस्थानी चारशे अकरा, हुकुमावरून पाण्यात एक. म्हैस खुद्द तळ्यात, खुशाल. जखमी कोणी नाही; ईरम्मांकडचे नळाचे पाणी मात्र त्या रोजी भरावयाचे राहिले. सोमवारी सकाळी तेजश्रीबाई माडीवर हजर असल्याचे डोळ्यांनी पाहिले, मग हा कागद मिटला.